वाळलेल्या फुलाची साक्ष

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने आम्हांला गाठून तक्रार केली. तो म्हणाला, "सर, पुरावा म्हणजे काय हे सांगताना तुम्ही दरवेळी तो न्यायशास्त्रातला डोंगर आणि त्यावरचा धूर काढता. एखादे खरेखुरे, आजच्या विज्ञानातले उदाहरण घ्या की!" तक्रार रास्त होती. चाळीसएक वर्षे वर्गात आम्ही त्याच डोंगरावर तोच धूर काढत आलो. तेव्हा आज डोंगर तोच ठेवू, म्हणजे पर्वत असेलच, पण त्यावर धुराऐवजी एक फूल असेल. आणि तेही वाळलेले.

हे फूल म्हणजे हिमकमळ. ब्रह्मकमळ नव्हे, हे आधीच सांगतो, कारण ब्रह्मकमळ म्हटले की आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर गच्चीतल्या कुंडीत रात्री उमलणारे पांढरे फूल येते. ते निवडुंगाच्या जातीचे, मूळचे मेक्सिकोकडचे. उत्तराखंडाचे राज्यफूल असलेले खरे ब्रह्मकमळ अगदी वेगळे. ते सूर्यफुलाच्या कुळातले, सॉस्युरिया या वंशातले. आजचे हिमकमळ हे त्याच ब्रह्मकमळाचे भाऊबंद, सॉस्युरिया लॅनिसेप्स. 'लॅनिसेप्स' म्हणजे लोकरी डोक्याचे. चीनच्या युन्नान प्रांताचा वायव्य कोपरा आणि तिबेटला लागून असलेला भाग, तिथे साधारण चार हजार मीटरच्या वर, दगडांच्या घसाऱ्यात हे उगवते. पांढऱ्या लोकरीचे बोंडके जमिनीतून वर आल्यासारखे दिसते. ती लोकर फुलांना थंडीवाऱ्यापासून राखते.

जाता जाता एक गंमत. या वंशाला नाव दिले ते जिनिव्हाच्या सॉस्युर घराण्यावरून. त्यातले ओरास बेनेदिक्त सॉस्युर १७८७ साली माँ ब्लां शिखरावर चढले होते. भाषाविज्ञान शिकलेल्यांना ठाऊक असलेले फर्दिनां द सॉस्युर, म्हणजे शब्द आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते असे सांगणारे, ते यांचेच पणतू. वस्तू आणि तिच्यावरची चिठ्ठी यांचे नाते कसे असते, हा प्रश्न आज पुढे येणारच आहे. योगायोग समजा.

आता या फुलाची एक सवय लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे. आपली कारवी सात-आठ वर्षे नुसती वाढते, एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. हिमकमळाचेही तसेच. फरक एवढाच की कारवीचा अख्खा डोंगर एकदम फुलतो आणि हिमकमळे आपापल्या सवडीने फुलतात. काही वर्षे पानांचा झुबका बसून असतो, मग एका उन्हाळ्यात फुलोरा येतो, आणि संपले. म्हणजे फुललेले हिमकमळ बी धरण्याआधी कोणी खुडले, तर त्या झाडाचा वंश तिथेच खुंटला. दुसरी संधी नाही.

आणि माणूस खुडतो ते नेमके फुललेलेच. तिबेटी आणि चिनी वैद्यकात हिमकमळ औषधी आहे, संधिवातावर, स्त्रियांच्या तक्रारींवर देतात. गेल्या काही दशकांत मागणी फार वाढली, पर्यटक विकत घेऊ लागले. गिऱ्हाईक मोठे, डौलदार फूल मागते. मोठे ते गुणकारी, असा समज. त्यामुळे खुडणारा मोठेच शोधतो, बुटके सोडून देतो.

२००५ साली वेन लॉ आणि जॅन सॅलिक या दोन अभ्यासकांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. सॅलिकबाई मिसुरी बोटॅनिकल गार्डनमध्ये होत्या. लेखाचा मथळा मराठीत सांगायचा तर, 'माणसामुळे हिमकमळाला आलेले खुजेपण'. त्यांनी शंभराहून अधिक वर्षांच्या काळात गोळा झालेले हिमकमळाचे वाळवलेले नमुने निरनिराळ्या हर्बेरियममधून पाहिले, त्यांची उंची मोजली, आणि नमुन्याच्या सालाशी ती ताडून पाहिली. जुनी हिमकमळे उंच, अलीकडची ठेंगणी, असा स्पष्ट कल निघाला. आज आम्हांला या लेखाची परीक्षा करायची आहे. आमच्या मते तो फार चांगला लेख आहे. पण त्याचे कौतुक चुकीच्या जागी होते आणि त्यातली कच्ची जागा कोणी दाखवत नाही.

हर्बेरियम म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत असेलच असे नाही. झाड मुळासकट किंवा फांदीसकट काढायचे, कागदांच्या घडीत दाबून वाळवायचे, मग जाड कागदावर चिकटवायचे किंवा टाके घालून बसवायचे. कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, गाव, उंची, तारीख, गोळा करणारा. सोळाव्या शतकात इटलीत लुका गिनी याने ही रीत पाडली असे मानतात. आज जगात असे साडेतीन हजारांच्या आसपास संग्रह आहेत आणि त्यांत चाळीस कोटींच्या घरात नमुने आहेत. आपल्याकडे मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे आहे.

आम्ही निवृत्त झाल्यावर एका वनस्पतिशास्त्रज्ञ स्नेह्याच्या मागे लागून अशा एका संग्रहात दोन दुपारी घालवल्या. लोखंडी कपाटे, डांबरगोळ्यांचा वास, आणि कागद उलटायचा नाही, एकावर एक सरकवायचा, अशी पहिल्याच मिनिटाला मिळालेली ताकीद. आम्ही हौसेने कारवीचा कागद मागितला. निघाली ती वीतभर फांदी, चार पाने, दोन फुले. कारवी तर पुरुषभर उंच वाढते! स्नेही हसले. म्हणाले, "कागद केवढा आहे ते पाहा ना." कागद साधारण बेचाळीस सेंटिमीटर लांब, एकोणतीस रुंद. म्हणजे या कागदावरून कारवीची उंची कधीच कळणार नाही. तिथे जे असते ते झाड नसते, झाडातून निवडून काढलेला, कागदावर मावणारा भाग असतो.

इथेच आमची पहिली शंका उभी राहिली, आणि ती आम्ही त्या लेखावर लावून पाहिली. नमुना म्हणजे निवड. जुना संग्राहक दोन महिने खेचरांवर सामान लादून चार हजार मीटरवर चढला, तर तो तिथून किडके, बुटके झाड आणेल काय? तो सगळ्यांत देखणे उचलणार. त्याच्या मायदेशातल्या वर्गणीदारांना देखणेच हवे असते. उलट अलीकडचा अभ्यासक सांख्यिकी शिकलेला, तो मुद्दाम 'सर्वसाधारण' झाड घेईल. तेव्हा जुने नमुने उंच आणि नवे बुटके, यात फूल बदललेच नसेल, गोळा करणाऱ्यांची आवड बदलली असेल. शंभर वर्षांच्या कागदांवर आपण निसर्गाचा इतिहास वाचतो आहोत की वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेचा?

शंका तगडी आहे. केवळ हिमकमळाचे नमुने मोजून लेख थांबला असता, तर आम्ही तो बाजूला ठेवला असता. पण इथे लेखाचे खरे मर्म आहे आणि त्याची वाहवा कमी होते. लॉ आणि सॅलिक यांनी दुसऱ्या एका सॉस्युरियाचेही नमुने तसेच मोजले. सॉस्युरिया मेडुसा. हीसुद्धा हिमकमळाचीच एक जात, तशाच उंचीवर, तशाच घसाऱ्यात उगवणारी, तशीच लोकरी, तशीच एकदा फुलून मरणारी. पण बाजारात तिला भाव कमी, खुडणी थोडी. त्या जातीच्या नमुन्यांत उंची घटल्याचा कल दिसला नाही.

आता पाहा. दोन्ही जाती गोळा करणारे एकाच परंपरेतले लोक, कागद तोच, वाळवण्याची रीत तीच, वाळताना आकसणेही सारखेच. संग्राहकांची आवड बदलली असती तर दोन्ही जाती कागदावर बुटक्या झाल्या असत्या. झाली ती एकच, जिला बाजार आहे ती. आपल्या नैयायिकांनी याला अन्वय आणि व्यतिरेक म्हटले असते. कारण असेल तिथे कार्य असणे हा अन्वय, कारण नसेल तिथे कार्य नसणे हा व्यतिरेक. नुसत्या अन्वयावर विसंबणारा माणूस अर्धाच पुरावा हातात घेऊन चालतो. विज्ञानाच्या बातम्या देणारे नेमका हा व्यतिरेक गाळतात, कारण ज्या फुलाला काही झाले नाही त्याची बातमी कशी करणार? आमच्या मते मात्र या लेखाचा कणा ते काही न झालेले फूल आहे.

लेखाचा आणखी एक पाय आहे. वायव्य युन्नानात कावा कार्पो नावाचा पर्वत आहे, ६७४० मीटर उंच, तिबेटी लोकांचे महत्त्वाचे तीर्थ. लाखो लोकांनी त्याची प्रदक्षिणा केली, पण शिखरावर आजवर कोणी पाय ठेवलेला नाही. १९९१ साली चढू पाहणारे सतरा जण हिमप्रपातात गेले. या पर्वताच्या परिसरात काही जागा पवित्र मानतात, तिथे खुडणी होत नाही किंवा अगदी थोडी होते. आपल्या देवराईसारखेच म्हणा ना. अभ्यासकांनी पवित्र जागेतली आणि भरपूर खुडणीच्या जागेतली जिवंत हिमकमळे मोजली. पवित्र जागेतली उंच भरली.

हा पाय आम्हांला पहिल्याइतका भक्कम वाटत नाही. देवराईत जाणाऱ्या कोणालाही हे कळेल. पश्चिम घाटातल्या देवरायांवर माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात काम केले, तेव्हापासून आपल्याकडे ही चर्चा चालू आहे. देवराई दाट का? देवाने राखली म्हणून, की पाण्याच्या उगमाशी असते म्हणून, की गावापासून अडचणीच्या जागी असते म्हणून? बहुधा तिन्ही थोडेथोडे. तसेच पवित्र डोंगरकुशीत माती वेगळी असेल, याकांची चराई कमी असेल, बर्फ उशिरा वितळत असेल. दोन जागांतला फरक फक्त कोयत्याचा आहे असे धरणे धाडसाचे. नमुन्यांच्या पुराव्याबरोबर ठेवला तर हा पाय आधार देतो, एकटा उभा राहणार नाही.

आता कच्ची जागा. आमच्या दृष्टीने आजच्या व्याख्यानाचा हाच गाभा आहे, तेव्हा थोडे सावकाश जाऊ.

लेखात भाषा निवडीची आणि उत्क्रांतीची आहे. डार्विनने १८५९च्या ग्रंथात 'अजाण निवड' सांगितली होती, म्हणजे शेतकरी चांगली जनावरे राखतो, वाईट विकतो, आणि मनात नसताना जात बदलते. इथे ती उलटी: चांगले तेवढे खुडले जाते आणि मनात नसताना जात खुजी होते. कल्पना चटका लावणारी आहे. पण ती खरी ठरायला एक अट आहे. उंची वारशाने उतरली पाहिजे. उंच झाडाच्या बियांतून उंच झाड येत असेल, तरच उंच झाडांचे बी नाहीसे झाल्याने पुढची पिढी बुटकी होईल. ही अट वाळलेल्या कागदावरून कशी तपासणार? कागदावर झाड आहे, त्याचे आईबाप नाहीत.

मंडईत संध्याकाळी सात वाजता जा. टोपलीत बारके, डागाळलेले आंबे उरलेले असतात. त्यावरून 'आंब्याची झाडे खुजी फळे देऊ लागली' असे कोणी म्हणत नाही. सकाळच्या गिऱ्हाइकांनी मोठे उचलले, एवढेच. मग खुडणारे जूनपासून डोंगरावर फिरून गेले आणि ऑगस्टात वनस्पतिशास्त्रज्ञ पोचला, तर त्याच्या वाट्याला उरलेलेच येणार. दर साली नमुना ठेंगणा, पण जातीत बदल शून्य.

आमच्याच शंकेला एक उत्तर आहे, ते आम्ही लपवत नाही. आंब्याची टोपली एकच असते, ती दिवसभर रिकामी होत जाते. हिमकमळाचे झाड एकदाच फुलते, म्हणून दर वर्षी फुलणारी झाडे नवी असतात. गेल्या वर्षीची खुडणी या वर्षीच्या टोपलीतून काही उचलत नाही. तेव्हा संध्याकाळच्या मंडईचा परिणाम त्या त्या हंगामापुरताच राहतो, वर्षांमागून वर्षे साचत नाही. दशकामागून दशके घट दिसत असेल तर एक तर दर हंगामातली खुडणी वाढत गेली, किंवा खरोखरच बी बदलले. दोन्ही झाले असेल. कागद या दोहोंत निवाडा देत नाही.

अखेर तो धूर आलाच. नैयायिक म्हणतात, धूर पाहून अग्नीचे अनुमान करा, खुशाल करा. पण अग्नी पाहून धुराचे अनुमान करू नका, कारण लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धुरासाठी ओले सरपण लागते. या ओल्या सरपणाला ते 'उपाधी' म्हणतात, म्हणजे अनुमानात न सांगता दडून बसलेली अट. हिमकमळाच्या अनुमानात खुडणी हा अग्नी, जातीचा खुजेपणा हा धूर, आणि वारसा हे ओले सरपण. ते आहे की नाही, हे पाहिले पाहिजे.

पाहता येते का? प्राण्यांत काही ठिकाणी पाहिले आहे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात रॅम माउंटन नावाच्या डोंगरावर मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या आहेत. शिकारी मोठ्या शिंगांचा मेंढा टिपतात. तिथे अभ्यासकांनी तीसएक वर्षे एकेका जनावरावर नजर ठेवली होती, कोण कोणाचे पिल्लू याची वंशावळ हातात होती, म्हणून २००३ साली त्यांना शिंगे लहान होण्यामागे वारसा आहे असे म्हणता आले. आणि तरीही त्यावर पुढे दहा-पंधरा वर्षे वाद झाला, बदल किती वारशाचा आणि किती चाऱ्याचा म्हणून. वंशावळ असलेल्या मेंढ्यांचे हे, तर फुलांचे काय! फुलाबाबत रास्त मार्ग एकच: पवित्र जागेतले आणि खुडणीच्या जागेतले बी एकाच वाफ्यात, एकाच मातीत लावायचे आणि वाट पाहायची. चार हजार मीटरवर, वर्षानुवर्षे फुलोरा न येणाऱ्या झाडासाठी हे म्हणणे सोपे आहे, हे आम्ही कबूल करतो. म्हणून आमची मागणी माफक आहे. 'खुजेपण' म्हणा, ते दिसले आहे. 'उत्क्रांती' म्हणायच्या आधी थांबा.

कोणी म्हणेल, सर, हा केस चिरण्याचा प्रकार झाला, शेवटी फूल तर खुजे झालेच ना? पण दोन्ही निदानांची औषधे वेगळी आहेत. मंडईचा परिणाम असेल तर खुडणी थांबवा, पुढच्याच हंगामात उंच फुले दिसतील. बी बदलले असेल तर खुडणी थांबवूनही उंच फुले परत यायला अनेक पिढ्या लागतील, आणि या झाडाची एक पिढी म्हणजे कैक वर्षे. डोंगरावर खुडणीबंदी आणली, तीन वर्षांनी फरक पडला नाही, तर खुडून पोट भरणारे गावकरी विचारतील, बंदीचा उपयोग काय? त्यांना आधीच काय सांगितले होते, यावर बंदी टिकणे न टिकणे अवलंबून राहील.

गावकऱ्यांचा विषय निघाला म्हणून चिठ्ठीबद्दल बोलू. युन्नानच्या या पर्वतांतून विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात गेलेल्या नमुन्यांवर जॉर्ज फॉरेस्ट हे नाव फार दिसते. स्कॉटलंडचा माणूस, १९०४ पासून १९३२ साली मरेपर्यंत पुन्हा पुन्हा तिथे गेला, तीस हजारांवर नमुने पाठवले. पण एरिक म्युग्लर यांनी २०११च्या 'द पेपर रोड' या पुस्तकात दाखवले आहे की त्यातले पुष्कळसे काम नाशी जमातीच्या माणसांनी केले, आणि त्यांचा मुखिया होता झाओ चेंगझांग. कुठल्या खिंडीत केव्हा काय फुलते हे त्यांना ठाऊक, फॉरेस्ट कित्येकदा खालच्या मुक्कामी. चिठ्ठीवर नाव मात्र फॉरेस्टचे.

हा अन्याय आहेच, पण आमचा मुद्दा आज न्यायाचा नसून पुराव्याचा आहे. 'जुना संग्राहक देखणे झाड उचलतो' असे आम्ही मघाशी ठामपणे म्हटले. कोणता संग्राहक? वर्गणीदारांना खूश करणारा स्कॉटिश गृहस्थ, की दिवसाकाठी खूप कागद भरायचे म्हणून हाताला लागेल ते घेणारा, डोंगर पाठ असलेला नाशी माणूस? दोघांची नजर एक नाही. चिठ्ठीने खरा हात झाकला, म्हणून त्या हाताची सवय काय होती हे तपासण्याचा मार्गही झाकला गेला. आमची स्वतःचीच शंका चिठ्ठीवर भाबडा विश्वास ठेवून उभी होती, हे हे पुस्तक वाचल्यावर लक्षात आले.

आणि हे सगळे दूरच्या डोंगरावरचे म्हणून सोडून देऊ नका. आपल्या बाळगुटीत अतिविष असते. आमच्या मातोश्री काष्ठौषधीच्या दुकानात कागदावर अतिविषाच्या कळ्या पसरून त्यातली टपोरी, पांढरी तेवढी निवडून घेत आणि सहाणेवर उगाळत. ती कळी म्हणजे हिमालयातल्या, बचनागाच्या भाऊबंद असलेल्या एका निळसर-हिरव्या रानफुलाचा कंद. कंद खणला की झाड गेले. आज ते फूल संकटग्रस्त गणले जाते. टपोरी कळी बाळाला अधिक गुणकारी, हे आईला कोणी सांगितले होते कोण जाणे. तिने सांगितले म्हणून आम्हीही आमच्या लेकीच्या वेळी टपोरीच निवडून आणली.

प्रश्नोत्तरांत एका विद्यार्थिनीने विचारले, मग नमुने गोळा करणेही थांबवावे काय? वनस्पतिशास्त्रज्ञही शेवटी फुललेले, बी न धरलेले झाडच उपटतो. तिचे म्हणणे खरे आहे. पण बाजाराच्या गोण्यांपुढे हर्बेरियमचे कागद अगदी किरकोळ, आणि ते कागद नसते तर आज आपण या खोलीत बसून वाद घालू शकलो नसतो. गोळा करावे. फक्त झाड काढण्याआधी आजूबाजूची वीस फुललेली झाडे फूटपट्टीने मोजावीत, ती उंची, डोंगरावर खुडणारे येऊन गेले होते की नाही, आणि झाड कोणाच्या हाताने काढले ते नाव, एवढे चिठ्ठीवर लिहावे. दहा मिनिटांचे काम आहे, आणि चिठ्ठीवर दोन ओळींची जागा सहज असते.